‘पंधराशे रुपयांमुळे बायका कामाला येईनाशा झाल्या’ हे म्हणणे कितपत खरे आहे? (डिसेंबर २०२५मधील चर्चा)

मणेराजुरीची लेक :

गेल्या रविवारी माहेरी झालेल्या वादामुळे हा प्रश्न येथे मांडते आहे. तासगाव तालुक्यात माझ्या भावाची दीड एकर द्राक्षबाग आहे. फळछाटणीनंतर थिनिंग (घडातले मणी विरळ करणे) आणि डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे) या कामांना बायकांची टोळी लागते आणि यंदा ती दोन वेळा ठरलेल्या दिवशी आली नाही. दादाचे म्हणणे असे की, राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये आणि रेशनचे फुकट धान्य मिळू लागल्यापासून या बायकांना कामाची गरजच उरलेली नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासंबंधीच्या सुनावणीत न्यायमूर्ती भूषण गवई यांनीही अशाच आशयाचे तोंडी निरीक्षण केले होते, याची त्याने आठवण करून दिली. त्यामुळे हा केवळ आमच्या ओसरीवरचा राग आहे, असे म्हणून मला तो बाजूला सारता आला नाही.

तरीही मला ते पटले नाही, कारण आमच्याकडे चौदा वर्षे कामाला येणाऱ्या मावशी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये पहिल्यांदा त्यांच्या खात्यात जमा झाले, तेव्हा दोन वर्षे पुढे ढकललेला चष्मा त्यांनी करून घेतला, आणि चष्मा आल्यावर घडातले बारीक मणी कात्रीने काढण्याचे काम त्या पुन्हा करू लागल्या. त्याआधी वर्षभर त्या फक्त काडी वेचण्याच्या कामावर होत्या आणि त्या कामाला रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, कमी मिळतो.

आता त्यांचे पैसे बंद होण्याची वेळ आली आहे. ई-केवायसी (ऑनलाइन ओळखपडताळणी) करताना पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागतात. नवरा बारा वर्षांपूर्वी निघून गेला, त्याचा पत्ता नाही, कोर्टातून फारकत झालेली नाही आणि वडील कधीच वारले आहेत. मुदत ३१ डिसेंबर २०२५ची आहे. ‘खऱ्या गरजू असतील तर कागद मिळतीलच’, असे दादा म्हणतो. मला दोन गोष्टी जाणकारांकडून समजून घ्यायच्या आहेत. या पैशामुळे मजूर मिळत नाहीत, असे आपल्या भागातील अनुभवावरून म्हणता येते का? आणि योजनेची छाननी व्हायलाच हवी असेल, तर ती मावशींसारख्या बाईला बाहेर न टाकता कशी व्हावी?

औसा शिवार :

ताई, मी सोयाबीन आणि तूर करणारा सहा एकरांचा शेतकरी आहे, आणि गेल्या वर्षी मीही आपल्या दादांच्याच शब्दांत बोलत होतो. एका सकाळी काय घडले ते सांगतो. काढणीसाठी नऊ बायकांनी यायचे कबूल केले होते आणि आल्या तिघीच. मी रागाने मोटारसायकल काढून गावात निघालो, तर फाट्यावर एक टेम्पो उभा होता आणि उरलेल्या सहाजणी डबे घेऊन त्यात बसलेल्या होत्या. शेजारच्या तालुक्यात भाजीपाल्याच्या मळ्यावर माझ्यापेक्षा ऐंशी रुपये रोज जास्त मिळत होता आणि येण्याजाण्याची सोय मालकाची होती. म्हणजे त्या घरी बसलेल्या नव्हत्या, त्या दुसऱ्याच्या रानात होत्या. त्या दिवसापासून ‘बायका कामाला येत नाहीत’ असे न म्हणता ‘माझ्याकडे येत नाहीत’ असे मी म्हणतो.

मात्र पंधराशे रुपयांचा काहीच परिणाम झालेला नाही, असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे बाईचा रोज तीनशे धरला तर ते पाच दिवसांचे काम होते. पाच दिवसांच्या पैशावर कोणी महिना काढत नाही. पण पूर्वी आषाढात घरात काही नसताना बायका माझ्याकडून दोन-तीन हजारांची उचल घ्यायच्या आणि मग काढणीला मी सांगेन त्या भावाने यायच्या. आता उचल मागणाऱ्या कमी झाल्या आहेत. त्यामुळे हंगामात त्या भाव विचारतात, आणि भाव विचारणारी बाई शेतकऱ्याला उर्मट वाटते. मलाही वाटली होती.

यात माझी बाजूही कोणी ऐकावी. यंदा, म्हणजे २०२५-२६च्या हंगामात, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झालेला असताना मला बाजारात चार हजारांच्या आसपास भाव मिळाला, तोही सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून जे वाचले त्याला. मजुरी वाढवायला मी तयार नाही, असे नाही. वाढवायला माझ्याजवळ काही उरत नाही. मजूर आणि शेतकरी एकमेकांच्या डोळ्यांत खुपतात, याचे मूळ मला त्या दीड हजारापेक्षा या तेराशेच्या तफावतीत दिसते.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. पीएम-किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार असे वर्षाला बारा हजार रुपये माझ्या खात्यात येतात. ते घेऊन मी आळशी झालो का, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागी जो नवा कायदा संमत केला, त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, पण पेरणी-कापणीच्या काळात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला बरे वाटले. नंतर मनात आले की, त्या साठ दिवसांत माझ्या बांधावर येण्यावाचून दुसरा रस्ता उरू नये म्हणून सरकारने एखाद्या बाईचे काम बंद ठेवावे, असे मला खरोखर हवे आहे का? याचे उत्तर अजून माझे मला देता आलेले नाही.

ठाणेकर :

मी पगारदार माणूस आहे आणि गरजू बाईला मदत मिळू नये, असे माझे मुळीच मत नाही. पण लाभार्थ्यांविषयी लोक इतके कडवट का बोलतात, तेही समजून घेतले पाहिजे. पहिल्या वर्षी या योजनेचा खर्च सुमारे ४६ हजार कोटी रुपये सांगितला गेला. जून २०२४मध्ये घोषणा, ऑगस्टमध्ये पैसे, नोव्हेंबरमध्ये मतदान आणि प्रचारात २,१०० रुपयांचे आश्वासन, हा क्रम सगळ्यांनी पाहिला. अर्ज तपासायला त्या वेळी कोणालाही उसंत नव्हती, किंबहुना तपासू नयेत अशीच घाई होती. पुढे चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचे आणि दोन हजारांहून अधिक सरकारी महिला कर्मचाऱ्यांनी लाभ घेतल्याचे उघड झाले. आमच्या सोसायटीतल्या, दारात गाडी असलेल्या दोन घरांतूनही अर्ज भरले गेले, हे मी स्वतः पाहिले आहे.

मे २०२५मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे एका गरिबाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढले जात आहे. असे असताना छाननी कडक व्हावी, अशी अपेक्षा करदात्याने ठेवली तर त्यात निर्दयपणा कोणता?

निवृत्त कारकून :

ठाणेकर महोदय, आपला निधी वळवण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो इतक्या स्पष्टपणे मांडल्याबद्दल मी आपला आभारी आहे. छाननीविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर मी एका तहसील कार्यालयात अकरा वर्षे काढली आहेत.

आधी आकडे पाहू. फेब्रुवारी २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेतून पाच लाख महिला अपात्र ठरल्याचे महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केले. लोकांनी ती बातमी ‘पाच लाख बोगस’ अशीच वाचली. त्या पाच लाखांची फोड त्याच निवेदनात होती. २ लाख ३० हजार महिला संजय गांधी निराधार योजनेचा लाभ घेत असल्यामुळे वगळल्या गेल्या, १ लाख १० हजार महिलांचे वय ६५च्या पुढे होते, आणि घरात चारचाकी असलेल्या, नमोशक्ती योजनेच्या लाभार्थी असलेल्या व स्वेच्छेने नाव काढून घेतलेल्या अशा सगळ्या मिळून १ लाख ६० हजार होत्या. म्हणजे पाचांतल्या साडेतीन लाखांच्या जवळपास बायका निराधार तरी होत्या किंवा म्हाताऱ्या तरी. त्यांनी नियमाबाहेर जाऊन अर्ज केला हे खरे, परंतु गाडीवाल्या घरांबद्दलचा लोकांचा राग या बायकांच्या माथी बसला, आणि त्याची दुरुस्ती पुढे कोणीही केली नाही.

आता उत्पन्नाची अट पाहा. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. निराधार योजनेत आणि ६५ वर्षांवरील वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेत ती २१ हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एखादी बाई ६५ वर्षांची होईपर्यंत तिच्या घरी अडीच लाख उत्पन्न असले तरी ती मदतीस पात्र असते. पुढच्या वाढदिवसानंतर, हात थकलेले असताना, तेवढ्याच पंधराशे रुपयांसाठी तिला आपले उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवावे लागते. २०२५-२६मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. जुन्या रोजगार हमी कायद्याने दिलेले शंभर दिवस एखाद्या विधवेने भरले तर तिची कमाई ३१,२०० रुपये होते, आणि एका कायद्याने दिलेली हमी पूर्ण केल्याबद्दल ती दुसऱ्या योजनेत अपात्र ठरते.

मग प्रत्यक्षात काय होते? लोक २० हजारांचा दाखला आणतात. तलाठ्याला ठाऊक असते, मला ठाऊक होते, वरच्या साहेबांना आणि समितीलाही ठाऊक असते की, २१ हजारांत वर्ष काढणारे घर आज तालुक्यात शोधून सापडणार नाही. एका वर्षी एक विधवा बाई आली. तिने उत्पन्न ३६ हजार सांगितले, कारण तितकेच होते. अर्ज नामंजूर झाला आणि तसा शेरा मीच लिहिला. पुढच्या वर्षी तीच बाई २० हजारांचा दाखला घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. मी तो मंजुरीच्या यादीत लावला, पण तिच्या तोंडाकडे मला बघवले नाही. खरे बोलल्याबद्दल तिचे एक वर्ष आम्ही बुडवले होते, आणि आता खोटे बोलायला आम्हीच तिला शिकवले होते. चावडीवर बसून ‘सगळे खोटे दाखले काढून पैसे खातात’ असे म्हणणारे लोक चुकीचे सांगत नाहीत. ते खोटे कोणाच्या नियमातून जन्मले, एवढेच त्यांना माहीत नसते.

म्हणून कडक छाननी या शब्दाने मला धडकी भरते. ज्याच्याजवळ मोटार आहे, पेन्शन आहे, प्राप्तिकराचे विवरणपत्र आहे, त्याची नोंद सरकारच्या दप्तरात असते आणि ती परिवहन, कोषागार व प्राप्तिकर विभागांकडून थेट मिळवता येते. चौदा हजार पुरुष आणि ते सरकारी कर्मचारी अशाच नोंदींतून सापडायला हवे होते, तेही पहिल्याच महिन्यात. ज्या बाईच्या नावावर कुठलीच नोंद नाही, तिला मात्र आपण कागद आणायला पाठवतो. छाननी करायचीच तर ती नोंदींकडून सुरू व्हावी. बाईला पुन्हा पुन्हा कार्यालयात बोलावून ती करू नये.

करदात्याविषयी शेवटचे एक सांगतो. आपल्या पगाराच्या पावतीवर व्यवसाय कराचे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले असतात, असे वर्षाचे अडीच हजार. हा कर १९७५च्या कायद्याने आला आणि तो आला रोजगार हमीसाठी. १९७२च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहाने ती योजना राज्यभर उभी राहिली होती आणि १९७९मध्ये तिचा कायदा अमलात आला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या माणसासाठी दरमहा काही द्यावे, हे त्या काळी या राज्याने कायद्यात लिहून ठेवले. माझे वडील बीड जिल्ह्यात त्या खडीवर होते. घामाचे पैसे मिळाले असे ते म्हणत, आणि त्यांना फुकटे म्हणण्याची कोणाची हिंमत नव्हती, कारण समोर रस्ता तयार झालेला दिसत होता. आजच्या पैशाला समोर दिसणारा रस्ता नाही, म्हणून संशय लवकर चिकटतो. मावशींनी चौदा वर्षे बागेत केलेल्या कामाचीही कोठे नोंद नाही, हे दादांना सांगून पाहा.

अंगणवाडीतली :

मी सेविका आहे. ताईंच्या मावशींबद्दल लिहिते, कारण मुदत जवळ आली आहे.

२०२४च्या जुलैत आमच्या अंगणवाडीत रात्री अकरापर्यंत अर्ज भरणे चालले होते, कारण दिवसा ॲप उघडत नव्हते. त्या वेळी पात्रतेच्या यादीत विवाहित, विधवा आणि घटस्फोटित यांच्याबरोबर परित्यक्ता हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता, आणि मी माझ्या गावातल्या सात टाकलेल्या बायकांचे अर्ज स्वतःच्या हाताने भरले. सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा पडद्यावर पती किंवा वडील असे दोनच रकाने होते. ज्याचा आधार क्रमांक टाकायचा, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी जातो. माझ्या सातजणींपैकी एकीने बारा वर्षांनी नवऱ्याला फोन केला. त्याने ओटीपी सांगण्यासाठी दोन हप्ते मागितले आणि तिने ते कबूल केले. ‘गरजू असेल तर कागद मिळेलच’ असे जे म्हणतात, त्यांनी त्या फोनच्या वेळी तिच्याजवळ बसायला हवे होते.

पती आणि वडील हयात नसलेल्या व घटस्फोट झालेल्या बायकांनी स्वतःपुरती ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय नंतर करण्यात आली. मावशींचे वडील वारलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या मृत्यूचा दाखला हाच आज हाती येण्यासारखा कागद आहे. माहेरच्या ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही असते, तेथे वर्ष सांगून शोध घ्यायला लावा. नवरा बारा वर्षांपासून सोबत राहत नाही, असा साधा अर्ज, पोलीस पाटलांची सही आणि रेशनकार्डाची प्रत त्याला जोडा. आमच्या प्रकल्पात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे मी असेच चार अर्ज पाठवले आहेत. आणि जे कागद द्याल त्याची पोच लिहून घ्या. सेविकेला अवघडल्यासारखे होईल, तरी घ्या.

ठाणेकर :

कारकून काकांनी दिलेली पाच लाखांची फोड मी आज प्रथमच वाचली. मीही ती बातमी ‘पाच लाख बोगस’ अशीच आमच्या सोसायटीच्या गटावर पाठवली होती. आता ही फोड त्याच गटावर टाकली आहे. ज्या घरांतून गाडी असताना अर्ज गेले, त्यांच्याविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. छाननी नोंदींवरून झाली असती, तर ती घरे पहिल्या हप्त्याआधीच गळली असती, असे मला वाटते.

मणेराजुरीची लेक :

सर्वांची मी ऋणी आहे. सेविकाताईंनी सांगितल्याप्रमाणे काल मावशींच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत जाऊन आले. नोंद १९९६च्या वहीत सापडली, पण वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेले आहे आणि मावशींच्या आधार कार्डावर ते बरोबर आहे. दाखला आहे तसा काढून घेतला आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे ग्रामसेवकांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले, हे त्यांचे उपकारच आहेत. मंगळवारी मावशींना घेऊन अंगणवाडीत जाणार आहे आणि पोच नक्की घेईन.

औसा शिवार यांचा टेम्पोचा प्रसंग मी दादाला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला की, आपल्या टोळीलाही पलीकडच्या गावातल्या बागेत चाळीस रुपये जास्त मिळतात, हे त्याला छाटणीपासूनच माहीत होते. मंगळवारी आम्हाला तालुक्याला पोचवायला तो येतो आहे. रोज वाढवण्याबद्दल मात्र त्याने अजून काही सांगितलेले नाही, आणि द्राक्षाला यंदा काय भाव मिळेल ते ठरल्याशिवाय तो सांगेल असे मला वाटत नाही. नाशिक आणि सोलापूरकडे डिपिंगला बाईचा रोज सध्या काय चालला आहे, हे कोणी कळवू शकेल का?